आई, ओळख मी कुठंय?

५ मार्च १९८६

होकार मिळाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात क्लॅप मारली, दिग्दर्शकांच्या शिव्या खाल्ल्या, हिरोइनच्या डोक्यावर छत्री धरली. आता स्वतःचा सिनेमा. भुताचा आहे, पण माझा आहे.

वितरकाचं म्हणणं, लहान गावांत सध्या दोनच गोष्टी चालतात, मारामारी आणि भूत. "मारामारीला माणसं फार लागतात. तुम्ही भूत करा." माझ्या गोष्टीतली चेटकीण मात्र त्याला पटली नाही. "चेटकिणींना लोक विटलेत हो. मेलेलं मूल परत येतं असं काहीतरी लिहा. बायका रडतील, पुरुष टरकतील." मी मान डोलावली. तिथल्या तिथे नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. सिनेमा मिळाला, एवढंच. ही भांडी विसळत होती. "बरं झालं," म्हणाली. नळ तसाच वाहत होता.

टिल्लूबद्दल या वहीत लिहायचं नाही, हे मागच्या वर्षीच ठरवलंय. तेव्हा सिनेमाचं लिहितो.

१४ मार्च

पटकथा झाली. नाव 'ओली पावलं'. एकटी राहणारी बाई, तिची मुलगी नदीत बुडून गेलेली. घरात रोज ओली पावलं उमटतात, हाका येतात, शेवटी दारावर थाप पडते. बाई दार उघडते, किंचाळते, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना रिकामं घर सापडतं. मुलगी दाखवायचीच नाही. मूल आणलं की त्याची आई येते, तिचा डबा येतो, त्याची झोपायची वेळ येते. न दिसणारं भूत सगळ्यात स्वस्त, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात भीतिदायक.

शूटिंग आमच्याच घरात. भाडं नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तशाही बंदच असतात.

हिने पटकथा वाचली. वाचून झाल्यावर टेबलावर ठेवली आणि कागदांच्या कडा बराच वेळ सारख्या करत बसली. मी विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाली, "नदी कशाला? तापच ठेवायचा ना."

मी म्हटलं, तापाने पावलं ओली होत नाहीत. तांत्रिक अडचण होती, तीच सांगितली. ती उठून आत गेली. सूचना तशी वाईट नव्हती.

३ एप्रिल

हिरोइनने दगा दिला. मोठ्या बॅनरकडून बोलावणं आलं, बाई गेल्या. वितरक फोनवर ओरडला. मी सोफ्यावर डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात ही म्हणाली, "मी करते."

लग्नाआधी ही नाटकात काम करायची, चांगलं करायची. पण गेल्या वर्षभरात तिने आरशातसुद्धा नीट पाहिलं नसेल. मी म्हटलं, "झेपेल का तुला?"

"घर माझंच आहे ना," ती म्हणाली. "मला सगळं कुठं आहे ते माहीत आहे."

कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटतं, हा सिनेमा तिला माणसांत आणणार.

१० एप्रिल

शूटिंगचा दुसरा दिवस. खिडक्यांना काळं कापड ठोकून भर दुपारी रात्र केली आहे. आत भट्टी. धुराचं यंत्र परवडत नाही म्हणून ओला काथ्या पेटवतो. काल शेजारच्यांनी आग लागली समजून बादल्या आणल्या. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग, त्याला अशा मुंग्या लागल्या की मेकअपवाल्या मामांना रक्ताभोवती पाण्याची रेघ मारावी लागली. वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं. ते उडत नाही, नुसतं पडतं. कॅमेरामन म्हणाला, "दमलंय बिचारं." या माणसाला आम्ही बुवा म्हणतो. दिवसभरात एवढंच एक वाक्य बोलला.

ही मात्र खुलली आहे. सगळ्यांच्या आधी तयार असते. मुलीची खोली तिने स्वतः लावली, कुणाला हात लावू दिला नाही. आज दोन वेळा जेवली. मामा म्हणाले, "वहिनींना कामच पाहिजे होतं." मीही तेच म्हणतोय.

१८ एप्रिल

आज ओल्या पावलांचा शॉट. पुठ्ठा कापून पावलं करून बघितली, बदकाची वाटत होती. मग ही पुढे आली. पाण्यात हात बुडवला, मूठ आवळली आणि मुठीची कड फरशीवर टेकवली. त्यावर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. हुबेहूब लहान मुलीचं पाऊल. युनिटमधले सगळे "अरे वा!" म्हणाले.

जिन्यापासून दारापर्यंत ती गुडघ्यांवर सरकत पावलं उठवत गेली. एक डावं, एक उजवं. मी म्हटलं, "अंतर थोडं वाढव, फ्रेम भरत नाही." ती म्हणाली, "एवढंच पडतं तिचं."

दिव्याच्या उष्णतेने पावलं पटापट वाळत होती. ती परत परत जाऊन ओली करत राहिली, शॉट संपल्यावरसुद्धा.

२४ एप्रिल

दाराचा सीन. हातातली सगळी कामं बाजूला ठेवून हा आधी लिहितोय, कारण असा अभिनय मी आयुष्यात पाहिलेला नाही.

ठरलेलं असं: थाप पडते, ही दार उघडते, समोर कोणी नाही, खाली पावलं, आणि ही किंचाळते. बुवाने कॅमेरा सुरू केला. तिने दार उघडलं. थांबली. किंचाळली नाही. मागे वळून खुंटीवरचा टॉवेल घेतला, हे पटकथेत कुठेच नव्हतं, आणि दारातच गुडघ्यांवर बसली. मग ती हवा पुसायला लागली. आधी केस. मग कानांच्या मागे. मग एक एक हात वर धरून काखेत. "किती भिजलीस गं," म्हणाली. "कुठं होतीस इतका वेळ? मी सगळीकडे शोधलं."

मी 'कट' म्हणायचं विसरलो. बुवाने फिल्म संपेपर्यंत कॅमेरा थांबवला नाही. लाइटवाला विडी ओढायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आत आलाच नाही.

शेवटी मी भानावर आलो आणि टाळ्या वाजवल्या. फक्त मीच.

२६ एप्रिल

वितरकाने तो तुकडा पाहिला. "हे काय? किंचाळी कुठाय? हॉरर करताय की कौटुंबिक?"

धंद्याच्या बाजूने त्याचं बरोबर आहे. पोस्टरवर आपण रक्त टाकणार आणि आत बाई टॉवेलने हवा पुसणार, प्रेक्षक खुर्च्या तोडतील. मी हिला म्हटलं, "आपण एक टेक साधा घेऊ. दार उघड, आणि किंचाळ."

"तिला बघून मी कशाला किंचाळू?"

"अगं, ती भूत आहे."

टेक घेतला. तिने दार उघडलं आणि नुसती उभी राहिली. आणखी एक घेतला, तेच. नटांचे हट्ट मी पुष्कळ पाहिलेत, मोठ्या हिरोइनींचे पाहिलेत. घरचा हट्ट पहिल्यांदाच पाहिला. शेवटी मामांनी छतावरून तिच्या खांद्यावर रबरी पाल टाकली. ती दचकली, तोंड उघडलं. तेवढा तुकडा मिळाला. आवाज नंतर भरता येईल.

२ मे

शूटिंग संपलं. सगळे खूश. फक्त ही दिव्यांच्या वायरी गुंडाळणाऱ्यांच्या मागे मागे फिरत होती. "अजून काही राहिलं असेल बघा ना. एखादा शॉट. पावलांचा परत घ्यायचा असेल."

मी हसून म्हटलं, "अभिनयाचा किडा चावला वाटतं परत!"

मुलीच्या खोलीतलं सामान मात्र तिने काढू दिलेलं नाही. असू दे. पुढेमागे लागेल.

२२ मे

आवाजाचं काम. नदीत बुडालेल्या मुलीच्या हाकांसाठी एक बाई आल्या होत्या, लहान मुलांचे आवाज काढण्यात नाव आहे म्हणे. बिस्किटाच्या जाहिरातीतल्यासारखा आवाज. भूत नाही, बिस्किट मागायला आलेलं मूल. रेकॉर्डिस्ट कपाळावर हात मारून बसला. स्टुडिओ उद्यापर्यंतच हातात.

घरी टिल्लूची कॅसेट आहे. मागे टेपरेकॉर्डर नवीन आणला तेव्हा तिची लपाछपी मी भरून ठेवली होती. त्यात ती कपाटातून ओरडते, "आई, ओळख मी कुठंय?"

लिहायचं नाही म्हटलं होतं. पण हे कामाचं आहे.

२३ मे

ही बाजारात गेली होती तेव्हा कॅसेट घेऊन आलो. रेकॉर्डिस्टने त्या एका वाक्याला घुमारा लावला, थोडं मंद केलं. बंद खोलीत माझ्याच अंगावर काटा आला. तो म्हणाला, "जबरदस्त! कुणाची पोर?"

"माझी."

"घेऊन या कधीतरी. गोळ्या देईन तिला."

"हो," म्हटलं.

तिच्या हाकेनंतर पालीवाला तुकडा लावला, त्यावर दुसऱ्या बाईची किंचाळी भरली. चपखल बसलं. टॉवेलवाला भाग काढून टाकावा लागला, इलाज नव्हता.

हिला आवाजाचं सांगितलेलं नाही. एकदम थिएटरातच ऐकू दे. आपली टिल्लू पडद्यावर, गावोगाव. यापेक्षा मोठी भेट मी तिला काय देणार?

२० जून

प्रदर्शन. दुपारचा पहिला खेळ, हाऊसफुल्ल. आम्ही दोघं बाल्कनीत. हिने कितीतरी दिवसांनी नीट केस बांधले होते. पावलं उमटली तेव्हा ती पुढे वाकून बघत होती, ओठ हलत होते.

मग थाप पडली. "आई... ओळख मी कुठंय?"

सगळं थिएटर गार. एक क्षण. आणि पडद्यावर ही किंचाळली आणि तिच्याबरोबर आठशे माणसं किंचाळली. त्यानंतर हशा, शिट्ट्या. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी बारीक आवाज काढला, "आई, ओळख मी कुठंय!" पुन्हा हशा. हिट! मी हिचा हात घट्ट धरला. हात बर्फासारखा होता. वातानुकूलन जरा जास्तच ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तो आवाज कुणाचा?"

"ओळखला नाहीस? आपल्या टिल्लूचा! मुद्दाम नव्हतं सांगितलं."

"आणि मी किंचाळले?"

"अगं, ती किंचाळी तुझी नाहीच. दुसऱ्या बाईची भरली आहे."

"तोंड माझं होतं," ती म्हणाली.

रिक्षात बसताना लोकांनी तिला ओळखलं. ती दुसऱ्या बाजूच्या रस्त्याकडे बघत होती.

२१ जून

डोकं दुखतंय म्हणते. दिवसभर पडून आहे. थकवा असेल.

९ जुलै

सिनेमा तुफान चाललाय. वितरक पेढे घेऊन घरी आला, दुसरा भाग करायचा म्हणतो. "तोच आवाज पाहिजे. बाकी काय वाटेल ते बदला." ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे खाली ठेवून आत गेली.

गल्लीतली पोरं आता लपाछपी खेळताना तेच ओरडतात. आज संध्याकाळी खालून कुठल्यातरी मुलीने हाक दिली, "आई, ओळख मी कुठंय?" आणि ही स्वयंपाकघरातून तशीच निघाली, अनवाणी, हाताला पीठ, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. मी मागे धावलो. ती गाड्यांच्या मागे वाकून बघत होती. पोरं तिला बघून "भुताची आई! भुताची आई!" करत पळाली.

वर आल्यावर म्हणाली, "मी दादाकडे जाते चार दिवस."

मी म्हटलं, "जा. हवापालट होईल."

बॅगेत कपडे थोडेच घेतले. टॉवेल घेतला, ते मला जरा विचित्र वाटलं. दादाकडे टॉवेल नसतात का?

२८ जुलै

चार दिवसांचे किती झाले ते मोजत नाही. दादाचा फोन होता. ही बरी आहे, पण इतक्यात येत नाही म्हणते, असं त्याने सांगितलं. बोलायला बोलाव म्हटलं, तर म्हणाला, "झोपली आहे." भर सकाळी?

घर फार मोठं वाटतं. दुसऱ्या भागाचं पहिलं पान तीनदा लिहून फाडलं.

३० जुलै

दुपारी कॅसेट लावली. सिनेमासाठी नाही, अशीच.

"आई, ओळख मी कुठंय?" आणि माझे खांदे आपोआप आखडले. आता किंचाळी येणार म्हणून. माझ्या स्वतःच्या पोरीचा आवाज ऐकून मी किंचाळीची वाट बघत होतो.

किंचाळी आली नाही. कॅसेटवर पुढे हिचा आवाज होता. "कुठं बरं गेली आमची टिल्लू? पलंगाखाली नाही... पडद्यामागे नाही..." कपाटातून खुदखुद. मग दार उघडल्याचा आवाज. "सापडली लबाड!" आणि दोघींचं हसणं, इतकं मोठं की टेपवर आवाज फाटलाय. त्यात मागे माझाही आवाज आहे. "अगं हळू, रेकॉर्डिंग चालू आहे."

एवढं सगळं होतं. मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि बाकीचं टाकलं.

मी रडलो. हॉस्पिटलात रडलो नव्हतो, तेव्हा सगळी धावपळ माझ्याकडे होती.

१ ऑगस्ट

वितरकाकडे गेलो. म्हटलं, तो आवाज काढायचा आहे. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग म्हणाला, "अहो, प्रिंटा गावोगाव गेल्या. आत्ता या मिनिटाला कुठं कुठं चालू असेल ते मलाही सांगता यायचं नाही. आणि काढायचा म्हणता? त्या आवाजावरच तर सिनेमा उभा आहे!"

दुसऱ्या भागाला नाही म्हणून आलो. तो मागून ओरडला, "वेड लागलंय का?" जिना उतरताना जरा बरं वाटलं, पण थोडा वेळच.

४ ऑगस्ट

हिला आणायला दादाच्या गावी गेलो. दादा कामावर. वहिनींनी पाणी दिलं, जरा घुटमळल्या. "ताई घरी नाहीत. दुपारच्या रोज बाहेर पडतात. कुठं म्हणून विचारलं तर सांगत नाहीत. तुम्हीच बघा काय ते."

बघायला फार फिरावं लागलं नाही. चौकातल्या थिएटरवर 'ओली पावलं'चा फलक होता, त्यावर हिचं किंचाळणारं तोंड दोन पुरुष उंच.

फलकाकडे बोट करून मी विचारायला लागलो, तोवर दारावरच्या माणसानेच सांगितलं. "पोस्टरवरच्या बाई ना? रोज येतात. मी तिकीट मागत नाही त्यांच्याकडे. सगळा सिनेमा नाही बघत हो. तो सीन यायच्या आधी आत जातात आणि हाक झाली की बाहेर येतात. फार शांत बाई."

बाल्कनी जवळजवळ रिकामी. ती कडेच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर टॉवेल. मी शेजारी जाऊन बसलो. तिने बघितलं. पडद्यावर थाप पडली. "आई... ओळख मी कुठंय?"

खाली थिएटर किंचाळलं. ही पुढे वाकून, अगदी हळू, रोजच्या आवाजात म्हणाली, "सापडलीस. इथंच आहे मी." आणि उठली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मी म्हटलं, "चूक झाली माझी. घरी चल."

"इथलं कोण बघेल मग?"

"काय बघायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, समजावून सांगावं लागणाऱ्या मुलाकडे बघतात तशी. "ती अंधाराला किती घाबरायची, विसरलात? दिवा मालवला की लगेच हाक मारायची. आपण 'हो' म्हटलं की झोपायची. आणि तुम्ही तिला अशा ठिकाणी नेऊन ठेवलंत जिथं रोज दिवसातून तीनदा दिवे मालवतात. ती आपली हाक मारते. लोक किंचाळतात. मीसुद्धा किंचाळते. तिला 'हो' म्हणणारं कुणीतरी नको?"

रस्त्यावरून माणसं जात होती, एक-दोघांनी फलकाकडे आणि हिच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"तीनही वेळा येतेस?" मी विचारलं.

"दादा रात्रीचं नाही सोडत." मग तिनेच विचारलं, "आपल्याकडे अजून चालू आहे का?"

"स्टँडमागच्या थिएटरात आहे."

"मग तुम्ही इथं काय करताय?" ती म्हणाली. रागाने नाही. तिने टॉवेलची घडी नीट केली आणि दादाच्या घराच्या दिशेने चालू लागली. मी बोलावलं नाही. परतीची गाडी धरली.

६ ऑगस्ट

दुपारच्या खेळाला गेलो. मागच्या रांगेत जागा मिळाली. दिवे गेले तेव्हा मी दचकलो, माझ्याच सिनेमाला.

वटवाघूळ पडलं, लोक हसले. धूर झाला. पावलं उमटली आणि मला ती मूठ दिसली, पाण्यात बुडवून परत परत टेकवलेली. मग थाप.

"आई... ओळख मी कुठंय?"

सगळीकडून किंचाळ्या. मला वाटलं होतं मोठ्याने म्हणता येईल, पण जेमतेम पुटपुटलो. "आहे, बाळा. बाबा आहे इथं. झोप तू."

शेजारी बसलेल्या माणसाने वळून माझ्याकडे बघितलं. मी डोळे पुसत होतो. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला.

"पहिल्यांदाच बघताय वाटतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."